आमच्या ब्राउझरचे भाडेकरू

आमचा ब्राउझर रात्रीतून अपग्रेड झाला. मला विचारायची पद्धत नाहीच. सकाळी चहाचा कप घेऊन वीजबिलाचं पान उघडलं, ते जरा लुकलुकलं, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि पान गेलं! परत उघडलं, परत गेलं.

"अहो, चांगलं चाललं होतं ना? मग कशाला हात लावलात?" हिने आतून विचारलं.

"मी नाही लावला. ते आपोआप होतं."

"मग नीटही होईल आपोआप."

यावर उत्तर नसल्यामुळे भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, एक्स्टेन्शन्स किती आहेत तुझ्याकडे?"

"असतील तीन-चार."

एक्स्टेन्शन्स म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी-छोटी सॉफ्टवेअर्स. उघडून बघितलं तर यादी संपेचना. जाहिराती अडवणारं, मराठी टायपिंगचं, पीडीएफ जोडणारं, पान काळं करणारं, डोळ्यांना त्रास नको म्हणून पान पिवळसर करणारं. मुलीने लग्नाच्या खरेदीच्या वेळी टाकलेलं कूपन शोधणारं; तिचा मुलगा शाळेत जायला लागला तरी याचं शोधणं चालूच. आणि एक करड्या चौकोनाचं. ते कुणी आणलं, काय करतं, घरात कुणालाच ठाऊक नाही. जुन्या वाड्यात असं एखादं बिऱ्हाड असतंच. या करड्या महाशयांना आम्ही परवानगी काय दिली होती? 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे.' सख्ख्या भावाला मी माझं पासबुक दाखवत नाही.

आधी सेफ मोडमध्ये चालवून बघितलं, म्हणजे सगळी एक्स्टेन्शन्स बंद. ब्राउझर सुतासारखा सरळ. म्हणजे चोर घरातलाच. मग भाच्याने निम्म्या-निम्म्याची रीत सांगितली. निम्मी बंद करायची. तरीही पान पडलं तर चोर चालू असलेल्यांत, नाही पडलं तर बंद केलेल्यांत. त्या गटाचे पुन्हा दोन भाग. सोळा एक्स्टेन्शन्स असली तर चार फेऱ्यांत एक हाताला लागतं. ही रीत जुनी आहे. 1991 साली अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवर सिस्टिम 7 ही ऑपरेटिंग सिस्टिम आली, तेव्हा मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरली की सगळी एक्स्टेन्शन्स बाजूला राहत. पुढे त्यांच्यातली भांडणं अशीच निम्म्या-निम्म्याने हुडकणारं 'कॉन्फ्लिक्ट कॅचर' नावाचं सॉफ्टवेअर लोक पैसे मोजून घेत. आज व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम फुकट होतं. माझ्या ब्राउझरमध्ये ते मी करत होतो, तेही फुकटच.

निम्मी बंद केली. पान टिकलं. चला, चोर बंद केलेल्यांत! आता तीच तेवढी चालू केली, बाकीची बंद. पान टिकलं. हे गणितात बसेना. दोन्ही गट साळसूद, आणि सगळे एकत्र आले की पान आडवं.

"मामा, मग दोघं आहेत," भाचा म्हणाला. "एक या गटात, एक त्या गटात." हे त्याने आधी सांगितलं असतं तर माझा चहा गार झाला नसता.

मग त्या करड्यावर डोळा ठेवून एकेक जोडी तपासली. करड्याने काहीच केलं नव्हतं. (तरी काढलं. संशय तो संशय.) भांडण होतं काळ्याचं आणि पिवळ्याचं. काळं एक्स्टेन्शन पान काळं करायचं. अपग्रेडच्या सुमारास पिवळ्याचीही नवी आवृत्ती आली होती आणि ते आता पानावर रंग बदलला रे बदलला की पुन्हा पिवळं करायचं. तो बदल काळ्याला दिसायचा, ते पुन्हा काळं. सेकंदाला कितीदा कोण जाणे, पण मेमरी भरेपर्यंत. आपण बघतोय एक पांढरं वीजबिल, आणि त्याच्या पाठीमागे ही हमरीतुमरी! एकेकटे दोघेही अगदी सज्जन.

पिवळ्याला निरोप दिला. त्याने जाता जाता नवा टॅब उघडून फॉर्म पुढे केला: 'आम्हाला का काढलंत?' पर्याय होते, नीट चालत नाही, आता गरज नाही, दुसरं चांगलं मिळालं. यातलं काहीच खरं नव्हतं. मी 'इतर' निवडलं आणि खालच्या चौकटीत लिहिलं, 'शेजाऱ्याशी पटत नाही.'