‘वर्षाच्या आत गाडी बदला’ म्हणणाऱ्यांना भेरूघाटातून उत्तर

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत इंदूरच्या मराठी घरांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. मला तो तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. त्याचा आशय असा: नवी एसयूव्ही घेतली आणि पिकअप कमी वाटला तर वाट बघत बसू नका, वर्ष व्हायच्या आत ती शोरूमला देऊन दमदार इंजिनाची घ्या. कारणं पाच दिली आहेत. आत्ता जवळपास नव्याचा भाव येतो, पुढे निम्मा होईल. थोडी घट आली तरी एक्सचेंज बोनसमध्ये ती भरून निघते. हप्ता थोडासाच वाढतो. टर्बो इंजिन (जास्तीची हवा दाबून भरून ताकद वाढवणारं) ॲव्हरेजही जास्त देतं. आणि ताकद जास्त म्हणजे ओव्हरटेक सुरक्षित.

प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, त्यामुळे वाचणारा मान डोलावतो. माझा भाचाही डोलावून बसला होता. त्याच्याकडे चार मीटरच्या आतली, 1.2 लिटर साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, पेट्रोल इंजिनाची गाडी आहे. दहा महिने झालेले, नऊ हजार किलोमीटर चाललेली. शोरूममध्ये जाऊन भाव काढून आला आणि मग म्हणाला, “मामा, तुम्ही एकदा बघून घ्या, मग सही करतो.” त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण अशी सही करायला निघालेली आणखी घरं मला माहीत आहेत.

पहिला मुद्दा भावाचा. ‘नव्याचा भाव’ म्हणजे नेमका कुठला? आपल्या खिशातून जाते ती ऑन-रोड किंमत. तिच्यात आजीवन कर असतो, विमा असतो, नोंदणी असते, शोरूमने गळ्यात मारलेली सीटकव्हर आणि मॅटही असतात. विकताना यातलं काही परत येत नाही, फक्त गाडीचा भाव येतो. भाच्याने ऑन-रोड 12 लाख 40 हजार मोजले होते आणि त्याला भाव मिळत होता 8 लाख 90 हजार. साडेतीन लाख गेले, नऊ हजार किलोमीटरसाठी. पेट्रोल सोडून किलोमीटरला जवळजवळ 39 रुपये.

‘पुढे निम्मा होईल’ हे तर घाबरवण्यासाठीच लिहिलेलं आहे. विम्यात गाडीची किंमत धरताना घसाऱ्याचं एक ठरलेलं कोष्टक असतं: सहा महिन्यांच्या आत 5 टक्के, सहा महिने ते एक वर्ष 15 टक्के, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40 आणि पाचव्या वर्षी 50. बाजारभाव या कोष्टकाला धरूनच चालतो असं नाही, पण जिना कसा उतरतो ते त्यातून दिसतं. पहिल्या वर्षात 15, पुढच्या वर्षात आणखी फक्त 5. म्हणजे ज्या वर्षाचा फटका सगळ्यात मोठा, तो खाऊन झाल्यावर, स्वस्तातलं वर्ष सुरू व्हायच्या तोंडाशी गाडी सोडून द्या असा हा सल्ला आहे. नवी गाडी घेतली की तोच फटका परत पहिल्यापासून. शिवाय वर्ष पूर्ण होण्याआधी विकली तर पहिल्या वर्षाचा 20 टक्के नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) पदरात पडत नाही. वर्ष क्लेमशिवाय पूर्ण केलं तर तो बोनस मालकाच्या नावावर राहतो आणि पुढच्या गाडीच्या विम्यात वापरता येतो.

दुसरा मुद्दा एक्सचेंज बोनसचा. हा बोनस म्हणजे बहुतेक वेळा सवलतच, फक्त जुन्या गाडीच्या नावाने दिलेली. शोरूमला दोन आकडे वेगवेगळे विचारा: जुनी गाडी न देता नवीवर किती कमी करणार, आणि जुनीचा बोनसशिवाय भाव काय. भाच्याच्या कागदावर बोनस 40 हजार लिहिला होता. गाडी न देता रोख किती सोडाल असं विचारल्यावर 25 हजार म्हणाले. खरा बोनस उरला 15 हजार.

इथेच कागदपत्रांचं एक सांगून ठेवतो, कारण त्यात पैशांपेक्षा मोठा धोका आहे. गाडी दिली, चावी दिली, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, की आपण मोकळे झालो असं लोक समजतात. आरसीवर आपलं नाव असेपर्यंत आपण मोकळे नसतो. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलं आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी नियम आले. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म 29 सी मध्ये द्यायची सोय झाली. गाडी देणारच असाल तर ती सूचना गेल्याची पोच हातात घेतल्याशिवाय चावी सोडू नका.

तिसरा, हप्ता. ‘थोडासाच वाढतो’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, कारण मुद्दल किती फिटलं हे कुणी बघतच नाही. 10 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, पाच वर्षं असं धरा. हप्ता 20,758 रुपये. वर्षभरात 2 लाख 49 हजार भरले, त्यातले 83 हजारांहून जास्त व्याजात गेले. मुद्दल अजून 8 लाख 34 हजार शिल्लक. गाडीचे 8 लाख 90 हजार आले तर कर्ज फेडून हातात 56 हजार. त्यातूनच मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार जातो, कारण ठरलेल्या व्याजदराच्या वाहन कर्जांवर तो बहुधा लागतो. मग नवं कर्ज आणि परत पाच वर्षं. हप्ता दोन-तीन हजारांनी वाढला असं दिसतं, पण भरून झालेलं एक वर्ष पुन्हा भरायचं असतं ते त्या आकड्यात दिसत नाही.

आणि कराचं काय? 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्यांना 40. म्हणजे कराआधी 10 लाखांची गाडी एका गटात 11 लाख 80 हजारांची आणि दुसऱ्या गटात 14 लाखांची. भाचा 1.2 मधून थेट 1.5 टर्बोकडे निघाला होता. कराची ही पायरी त्याने मोजलीच नव्हती. कुणाला खरोखरच टर्बो हवं असेल तर चार मीटरच्या आतल्या एक लिटर टर्बो गाड्या 18 टक्क्यांतच बसतात, हे त्या संदेशात लिहिलं असतं तर निदान उपयोग झाला असता.

ॲव्हरेजचं थोडक्यात. टर्बो हळुवार पायाखाली कमी पितं आणि जोराच्या पायाखाली जास्त पितं. ज्याला पिकअपसाठीच गाडी हवी आहे त्याचा पाय कुठला असणार?

आता पाचवा मुद्दा, ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसलो. ताकद म्हणजे सुरक्षितता.

ताकदीतला फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही. ह्युंदाई क्रेटाचंच बघा. एकाच गाडीत 1.5 साधं पेट्रोल 115 पीएस (ताकदीचं माप) आणि 144 न्यूटन मीटर टॉर्क (खेचण्याचा जोर) देतं, 1.5 टर्बो 160 पीएस आणि 253. त्यातही महत्त्वाचं म्हणजे साध्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क 4500 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) येतो, टर्बोचा 1500 पासून. म्हणून टर्बो लगेच खेचते आणि साधी गाडी मेल्यासारखी वाटते.

पण ओव्हरटेकचा हिशेब करून बघा. पुढे ट्रक 50 ने चाललाय, त्याला मागे टाकायला मागचं-पुढचं अंतर धरून साधारण 60 मीटर जास्त कापावे लागतात. तुम्ही 80 ने असाल तर सात सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून 80 ने येणारी गाडी आणि तुम्ही मिळून 320 मीटर अंतर संपवता. ताकद वापरून 100 ने गेलात तर सव्वाचार सेकंद आणि सुमारे 215 मीटर. शंभर मीटर वाचले, मान्य. पण इंदूर-खंडवा रस्त्यावर सिमरोल सोडल्यावर भेरूघाटाच्या वळणांवर समोरचं शंभर मीटरसुद्धा दिसत नाही. तिथे 115 पीएसवाल्याने थांबायचं आणि 160 पीएसवाल्यानेही थांबायचं. आणि 80 ऐवजी 100 ने असताना ब्रेक लावला तर थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागतं, हे इंजिन कुठलंही असो. ओंकारेश्वरहून रविवारी संध्याकाळी परतताना त्या घाटात लागलेली रांग ज्याने पाहिली आहे, त्याला ठाऊक आहे की अडकतात ते ताकद कमी पडली म्हणून नाही. कुणीतरी वळणावर गाडी रांगेबाहेर काढतो, समोरून बस येते, आणि दोन्ही बाजू बंद. ज्यांना खरा वेग मोजायचा आहे त्यांच्यासाठी पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक आहे. आपल्या चौपदरी महामार्गावर केंद्राने 2018 साली ठरवलेली कमाल मर्यादा 100 आहे, आणि तिथवर भाच्याची गाडी आरामात जाते.

मग त्याला ती कमी का वाटत होती? हे बघायला आम्ही एका शनिवारी घाटापलीकडच्या बडवाहपर्यंत गेलो. जाताना घाट उताराचा आहे, कळत नाही. परत येताना नर्मदेच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर चढावं लागतं, तेव्हा गाडीची परीक्षा होते. मुद्दाम त्याची बायको, दोन्ही मुलं आणि सामान घेतलं होतं. अकराशे किलोच्या गाडीत माणसं आणि पिशव्या मिळून तीन-साडेतीनशे किलो सहज होतात, म्हणजे वजन जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाढलं. एसी चालू.

चढाला लागलो आणि गाडी 45 वर आली. चौथा गियर, टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा 1500 च्या खाली. भाचा पाय दाबतो आहे, गाडी हूं म्हणत नाही. मी म्हटलं, “खालचा गियर टाक.” तर तो डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या हिरव्या बाणाकडे बोट दाखवतो. बाण वर. वरचा गियर टाका असं सांगणारा. दहा महिने तो त्या बाणाचं ऐकून गाडी चालवत होता! तो बाण पेट्रोल वाचवण्यासाठी आहे, चढासाठी नाही. त्याने दुसरा टाकला, काटा तीन हजारांपलीकडे गेला आणि गाडीने अंग झटकलं. इंजिनाचा आवाज मोठा झाला तसा तो घाबरला, “खराब तर नाही ना होणार?” नाही होणार. साध्या पेट्रोल इंजिनाची जागाच ती आहे. रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन जपून चालवायचा काळ, केव्हाच संपला, आणि काट्याला धोक्याची लाल पट्टी अजून लांब आहे.

घरी आल्यावर टायरची हवा बघितली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 पीएसआय लिहिलेलं, मागच्या दोन्ही चाकांत 27. गाडी जड वाटायला तेही एक कारण.

तरीही गाडी बदलणं बरोबर ठरेल अशी घरं आहेत. दर महिन्याला पाच माणसं घेऊन सेंधव्याचा बिजासन घाट ओलांडून धुळ्या-नाशिकला जाणारं, बँकेचं कर्ज नसलेलं आणि गाडी दहा वर्षं ठेवणारं कुटुंब असेल, तर टर्बो किंवा डिझेल घ्यावी, मी स्वतः सोबत येईन. फक्त टेस्ट ड्राइव्ह एकट्याने इंदूरच्या सरळ-रुंद सुपर कॉरिडॉरवर घेऊ नका. घरची सगळी माणसं बसवा, एसी लावा आणि चढावर न्या. शोरूमवाला नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. आणि ॲक्सेलरेटर लगेच लागावा म्हणून ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये बदल) करून देणाऱ्यांच्या नादाला लागू नका. त्यात वॉरंटी जाते, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो.

भाच्याने सही केली नाही. गेल्या आठवड्यात तो नाशिकला जाऊन आला. परतताना सेंधव्याला चहाला थांबला आणि तिथून फोन केला. बिजासन दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये चढला म्हणाला, वळणांवर ट्रकच्या मागेच राहिला, आणि वीस मिनिटं उशीर होईल, जेवणाला थांबू नका.