लागलं नाही म्हणजे गुन्हा नाही?

गळीत हंगाम सुरू झालाय आणि निपाणी-चिकोडीकडच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कायद्यातल्या ‘एन्डेंजर’ शब्दाचा अर्थ इजा करणे, तेव्हा कुणाला लागलं नाही तर केस बसत नाही. शब्द मुळात प्राण्यांसाठीचा, नव्या कायद्यात घुसवलेला. आणि नुसत्या स्पीडवर कुणाला आत टाकता येत नाही. भाच्याने तो मला पाठवला, वर लिहिलं, ‘मामा, बघा, सुटलो!’ हा गडी रात्री उसाचे दोन ट्रेलर ओढतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर.

एन्डेंजर म्हणजे धोक्यात घालणे. इजा ही त्यापुढची गोष्ट. भारतीय न्याय संहितेचं कलम 125 वाचा की! बेदरकारपणे किंवा हयगयीने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घातली, की 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुखापत झाली तर कैद 6 महिन्यांपर्यंत, जबर दुखापत झाली तर 3 वर्षांपर्यंत. एन्डेंजरमध्येच इजा आली असती, तर इजेसाठी या दोन पायऱ्या वेगळ्या कशाला ठेवल्या असत्या? पहिली पायरी आहे ती कुणाला खरचटलंही नाही तेव्हासाठीच. रस्त्यावरच्या गाड्यांना कलम 281 आहे, त्यातही हाच शब्द. इकडे जबाब कन्नडात, कायदा इंग्रजीत आणि त्याचा अर्थ मराठीत व्हॉट्सॲपवर, असा कारभार आहे सगळा.

प्राण्यांचं म्हणाल तर खानापूरच्या भीमगड रानातला कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, ‘एन्डेंजर्ड’ म्हणजे नामशेष व्हायच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि जिवंत आहे. मेल्यावर त्या यादीत ठेवत नाहीत.

नवा शब्द? 1860 च्या दंड संहितेत कलम 336 मध्ये हाच होता. दंड तेवढा 250 रुपये होता.

स्पीडचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. 1998 मध्ये कर्नाटकातल्याच एका ट्रकच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, गाडी जोरात होती एवढ्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही. पण भाच्याचा ट्रॅक्टर जोरात जातच नाही. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला त्याचा ट्रेलर दिसत नाही, प्रश्न तो आहे. आणि त्यासाठी कुणी तक्रार द्यायची वाट बघावी लागत नाही. दोन्ही कलमं दखलपात्र आहेत, पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवू शकतात.