नोटेला हात लावाल तर खबरदार!

पुढची साथ आली की सगळ्यात आधी नोटांना घाबरा. विषाणू हवेतून येतो की आणखी कुठून, ते शास्त्रज्ञ बघतील. तुम्ही पाकीट दोन बोटांत धरून कपाटात टाका. असे घाबरणारे तुम्ही एकटे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधल्या बँकांनी नोटांवर अतिनील किरण सोडून त्या १४ दिवसांपर्यंत बाजूला ठेवल्या होत्या. माणसांसोबत नोटाही क्वारंटाइन!

आता मोबाइल काढा. तोच, जो सकाळी बाथरूममध्ये तुमच्यासोबत होता आणि शेवटचा कधी पुसला ते तुम्हाला आठवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने २०२० मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं, की २० अंश तापमानात, अंधारात, कोरोनाचा विषाणू २८ दिवस टिकू शकतो. नोटेवरही आणि मोबाइलच्या काचेवरही. यातलं नोटेपुरतं व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकला. काचेचं गाळा, उगाच लोक घाबरतात.

रांगेत तुमचा नंबर लागला. मास्कमुळे फोन तुम्हाला ओळखत नाही. पासकोड टाकावा, तर बोट सॅनिटायझरने ओलं, स्क्रीन दाद देत नाही. डगमगू नका. मास्क हनुवटीवर ओढा आणि फोनकडे हसून बघा. मागचा माणूस खोकतोय, खोकू दे. मग कोड स्कॅन करा.

‘‘आले का?’’

‘‘नाही, इकडे फिरतंय.’’

आता दोघांनी एकाच स्क्रीनवर डोकं खुपसून ते गोल फिरणारं चक्र बघत बसा. याला स्पर्शविरहित व्यवहार म्हणतात.

घरातल्या म्हाताऱ्यांचं काय? साथीचा धोका त्यांना जास्त, आणि फोनवरून पैसे पाठवणं जमत नाही तेही त्यांनाच. त्यांना दुरूनच ‘‘सोपं असतं हो’’ म्हणा, आणि पिन मोठ्याने विचारा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

एवढं करून थोडी रोकड काढून उशीखाली ठेवाच. २०२० मध्ये दुकानात नोटा कमी दिसल्या, पण युरोपपासून अमेरिकेपर्यंत चलनातल्या एकूण नोटा वाढल्या. थोडक्यात, ज्या नोटेला हात लावायची भीती, तिच्यावर डोकं ठेवून लोक झोपले.

साथ ओसरली की हात धुणं लगेच सोडा. स्कॅन करणं मात्र सोडू नका. आता कसली भीती, असं कुणी विचारलंच तर खरं ते सांगून टाका: सुट्टे नसतात हो.