‘जरा पावरफुल द्या’ म्हणजे नेमकं काय देऊ?

काल रात्री मेडिकलचं शटर ओढायच्या टायमाला तासगाव साईडचे एक तात्या आले, नेहमीचं गिऱ्हाईक, द्राक्षबाग आहे. सर्दी, घसा, अंग मोडून आलेलं. "ती तीन दिवसाची पाचशेची गोळी दे रे, गेल्या टायमाची हलकी हुती, जरा पावरफुल दे."

मी म्हटलं तात्या, द्राक्षावरच्या भुरी रोगाचं औषध डाऊनी रोगावर मारता का? चिडलेच. "खुळा हाईस का? ते येगळं, हे येगळं. आन एकच औषध सारखं मारलं की लागू पडायचं बंद हुतंय, बदलून बदलून मारायला लागतंय." बघा, बागेचा सगळा हिशोब पाठ आणि स्वतःच्या अंगाला मात्र नुसतं पावरफुल!

अहो अँटीबायोटिकमध्ये हलकं-भारी असं काय नसतं, कुठला जंतू आणि कुठं घाव घालायचा एवढंच असतं. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही मंडळी जंतूची भिंत बांधू देत नाहीत, मग तो फुटून मरतो, आणि आपल्या पेशीला तशी भिंतच नसते म्हणून आपल्याला धक्का कमी (ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी). काही जंतू अमॉक्सिसिलिनच मोडून टाकायला शिकले म्हणून त्याच्या जोडीला क्लॅव्हुलॅनिक ॲसिड घालतात, त्यालाही लोक "पावरवाली" म्हणतात. अझिथ्रोमायसिन (तात्या मागत होते ती पाचशे मिलीग्रॅमची) आणि डॉक्सीसायक्लिन जंतूचं प्रोटीन बनवायचं काम बंद पाडतात. अझिथ्रो तीन दिवसात संपते कारण ती शरीरात बरेच दिवस टिकून राहते, जोरदार आहे म्हणून नाही!! डॉक्सी तीच, जी पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा ताप) होऊ नये म्हणून देतात, 2019 ला ज्यांनी कृष्णेचं पाणी घरात बघितलंय त्यांना लेप्टो काय वेगळं सांगायला नको. मेट्रोनिडाझोल अमिबाला आणि हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना, तोंड कडू होतं तीच.

मला खरी भीती वाटते लिव्होफ्लॉक्सासिनची. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घरातली, जंतूच्या डीएनएवर काम करते. खोकल्याला कुणीतरी देतं, आणि तो टीबी निघाला तर थोडे दिवस दबतो, माणूस म्हणतो बरं वाटतंय आणि निदान लांबतं. टाचेमागची शीर (टेंडन, स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) दुखावू शकते ते वेगळंच. ती शेड्यूल एच वनमध्ये (चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची सरकारी यादी) आहे, विकली की रजिस्टरला पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहायला लागतं. किती दुकानात लिहितात ते विचारू नका. मी पण पहिल्या दोन-तीन वर्षात चिठ्ठीशिवाय दिल्यात, खोटं कशाला बोलू, नाही दिलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

आणि सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची. त्याला ना भिंत, ना स्वतःचा प्रोटीनचा कारखाना. मारायचं कशावर?

तात्यांना पॅरासिटामॉल दिली, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, तीन दिवसात ताप उतरला नाही तर डॉक्टरकडं जा म्हटलं. तोंड वाकडं करूनच पैसे दिले. मग पायरी उतरता उतरता थांबले, "आटपाडीला पाव्हण्याच्या डाळिंबावर तेल्या रोगाला ते पुडीतलं मारत्यात, ते कसलं रं?"

म्हटलं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. पहिलं टीबीचं इंजेक्शन, दुसरं त्या डॉक्सीच्याच घरातलं.

"आयला," म्हणाले आणि गाडीला किक मारली.