'अपडेट करू नका म्हणाले, वर ३०० रुपये घेतले' या रिव्ह्यूला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाकडून उत्तर

राम राम भाऊ,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत. नवं अँड्रॉइड टाकून मागितलं तर आम्ही 'दीड महिना थांबा' म्हणालो. मग तुम्ही घरीच टाकलं, तर टच बिघडला, बॅटरी दुपारपर्यंतच पुरू लागली आणि यूपीआय पुन्हा रजिस्टर करा म्हणू लागलं. जुनं व्हर्जन परत टाकून द्या म्हणालात तर आम्ही नाही म्हटलं आणि तपासणीचे ३०० रुपये घेतले. शेवटी 'यांना येतच नाही' असंही लिहिलंय.

टचच्या बाबतीत आमची चूक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

आठ महिन्यांपूर्वी या फोनचा फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टचचा जोडलेला पडदा, आमच्याकडेच बदलला. मूळ फोल्डर ॲमोलेड, म्हणजे स्वतः उजळणारा पडदा; तुम्ही घेतलेला कॉपी, म्हणजे इन्सेल, मागून उजेड लागणारा स्वस्त एलसीडी पडदा. किमतीत अडीच पटींचा फरक होता, त्यामुळे कॉपी घेण्यात तुमचं काही चुकलं नाही. पण दोघांतला फरक फक्त रंगाचा नसतो. कॉपीवर टच चालवणारी चिप दुसरीच असते आणि फोनला ती मूळ चिपसारखी उत्तरं देत राहते. मोठ्या अपडेटमध्ये, म्हणजे अँड्रॉइडचं व्हर्जनच बदलतं तेव्हा, टचचा ड्रायव्हरही (फोन ज्याच्यातर्फे टचशी बोलतो तो प्रोग्रॅम) बदलू शकतो. नवा ड्रायव्हर जे विचारतो ते या चिपला कळलं नाही, की कडेचा पट्टा मरतो नाहीतर बोट न लावता आपोआप दाबलं जातं. हे काही आपल्याच गावात होतं असं नाही. २०१८ मध्ये आयओएस ११.३ टाकल्यावर बाहेरचा डिस्प्ले बसवलेल्या काही आयफोन ८ चा टच बंद पडला होता. ॲपलने ११.३.१ काढून तो चालू केला आणि सोबत बाहेरच्या डिस्प्लेबद्दल इशाराही लिहिला.

तुमच्या फोनवर हे आम्ही कसं बघितलं, ते घरी तुम्हालाही करता येईल. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी. डेव्हलपर ऑप्शन उघडतात. त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू करायचं आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बोट सावकाश ओढायचं. बोटामागे रेघ उमटते. तुमच्या फोनवर उजव्या कडेपासून साधारण बोटभर रुंदीत ती रेघ दर वेळी तुटत होती, वरपासून खालपर्यंत. सेफ मोडमध्येही तिथेच तुटली, म्हणजे बाहेरून टाकलेल्या कुठल्या ॲपचा यात हात नाही.

आमची चूक अशी की बिलावर नुसतं 'फोल्डर बदलला' लिहिलं. 'कॉपी, मोठ्या अपडेटआधी दाखवून घ्या' एवढं लिहायला हवं होतं. फिंगरप्रिंट स्क्रीनखाली असता तर इन्सेलवर तो चाललाच नसता आणि विषय पहिल्याच दिवशी निघाला असता. तुमचा बाजूच्या बटणात आहे, म्हणून आठ महिने कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता 'थांबा'बद्दल. सल्ला बरोबर होता, पण आम्ही कारण सांगितलं नाही. काउंटरवर गर्दी होती, तोंडी उडवून लावल्यासारखं झालं. कारण हे होतं: फोन तिसऱ्या वर्षात, १२८ जीबीपैकी ५ जीबी मोकळे, बॅटरी मूळचीच, फोल्डर कॉपी, आणि केळीची कापणी चालू असताना व्यापाऱ्याशी बोलणं, भाव बघणं, मजुरांचे पैसे टाकणं सगळं त्याच एका फोनवर. यातली एखादी गोष्ट असती तर चाललं असतं. पाचही एकत्र असताना पहिल्या आठवड्यात मोठं अपडेट टाकायचं नसतं. याउलट वर्षभराचा फोन, ओरिजिनल डिस्प्ले, ३० जीबी मोकळी जागा आणि हाताशी दुसरा फोन असेल, तर त्याच दिवशी टाका म्हणतो.

दीड महिन्याचा हिशोब असा की कंपन्या मोठं अपडेट एका दमात सगळ्यांना सोडत नाहीत. आधी थोड्या फोनांवर जातं, तक्रारी येतात, दुरुस्तीचा पॅच निघतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आलं तेव्हा एकाहून जास्त युजर केलेल्या गूगलच्या काही पिक्सेल फोनांवर लोकांना स्वतःचेच फोटो उघडता येईनात, काही फोन पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले. दुरुस्ती आली, पण मागाहून. तो पहिला पॅच येऊ द्यायचा, इतकंच. अपडेट आलं नाही म्हणून बाहेरून फाइल उतरवून टाकणं म्हणजे ही रांग मोडून पुढे घुसणं. ते करू नका.

'सिक्युरिटी अपडेट टाका म्हणतात आणि मोठं टाकू नका म्हणतात, एक काय ते ठरवा,' असंही लिहिलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ. सिक्युरिटी अपडेट लहान असतं, भोकं बुजवतं, घराचा नकाशा बदलत नाही. बँकेचं काम असलेल्या फोनवर ते आलं की टाकायचंच. सेटिंगमध्ये अँड्रॉइड व्हर्जनखाली त्याची तारीख दिसते. ती सहा महिन्यांपूर्वीची असेल तर काळजी करा. आणि मोठं अपडेट कायमचं टाळा असंही आम्ही म्हणत नाही. कंपनी एखाद्या मॉडेलला नव्या व्हर्जनवर घेऊन गेली की पुढचे सिक्युरिटी पॅचही बहुधा त्यावरच येतात. जुन्यावर बसून राहिलात तर तेही बंद.

बॅटरीचं दोन भागांत आहे. मोठ्या अपडेटनंतर फोन आतून सगळी ॲप नव्या सिस्टीमसाठी पुन्हा बांधतो, गॅलरी पुन्हा चाळतो. दोन-तीन दिवस बॅटरी जास्त जाते, फोन कोमट राहतो. रात्री चार्जरला लावून वायफायवर सोडला की हे काम लवकर उरकतं. चौथ्या दिवशीही तसंच असेल तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये सगळ्यात वर कोण आहे ते बघा. एखादं ॲप असेल तर ते काढून पुन्हा टाका. सगळ्यांचा वापर थोडा थोडा आणि तरी फोन २० टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली. तुमची अशीच आहे. अपडेटने तिला मारलं नाही, उघडं पाडलं.

दुसरा भाग उन्हाचा. तुम्ही अपडेट मे महिन्यात दुपारी, चार्जरला लावून, जाड कव्हरसकट केलं. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंशांची, आणि आपल्या जळगाव-भुसावळकडे सावलीतलाच पारा तिथे टेकतो. त्यात अपडेटच्या वेळी प्रोसेसर पूर्ण जोरात. अशा वेळी फोन स्वतःला वाचवायला चार्जिंग थांबवतो आणि काम मंद करतो. लोकांना वाटतं अटकला, मग बटण दाबून बंद करतात. उन्हाळ्यात अपडेट रात्री दहानंतर, कव्हर काढून, फरशीवर ठेवून, ६० टक्क्यांच्या वर चार्ज असताना. गादीवर, उशीखाली तर नाहीच.

यूपीआयचं सोपं आहे. ॲप फोन आणि सिम यांची जोडी एसएमएसने ओळखतं. परवानगी किंवा डेटा पुसला गेला की पुन्हा विचारतं. बँकेत दिलेला नंबर ज्या सिमचा, त्याच सिमवरून एसएमएस जाऊ द्या आणि त्यात एसएमएसपुरता बॅलन्स ठेवा. तुमचा एसएमएस दुसऱ्या सिमवरून जात होता, काउंटरवरच सुरू करून दिलं.

जुनं व्हर्जन परत टाकायला आम्ही आजही नाहीच म्हणू. बऱ्याच फोनमध्ये नवं बसलं की बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम तपासून चालू करणारा प्रोग्रॅम, जुनं घेत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ वर अँड्रॉइड १३ टाकणाऱ्यांना १२ वर परतण्याचा रस्ता गूगलनेच बंद केला होता. ज्या फोनमध्ये जमतं तिथे आधी सगळा डेटा पुसावा लागतो, आणि बूटलोडर उघडा राहिला की बँकेची बरीच ॲप चालायला नकार देतात. '५०० रुपयात करून देतो' म्हणणारा भेटेल. त्याला एवढंच विचारा, व्हॉट्सॲप आणि बँक दोन्ही चालू करून देणार का.

आता आमच्याकडून. ३०० रुपये परत, किंवा बॅटरी बदलायची असेल तर त्यातून वजा. फोल्डर ओरिजिनल घ्यायचा असेल तर कॉपीचे भरलेले पैसे वळते करून फक्त फरक घेऊ, मजुरी नाही. कॉपीच ठेवायचा असेल तर दुसऱ्या बनावटीचा लावून त्याच पॉइंटर लोकेशनवर तुमच्यासमोर रेघ ओढून बघू. तुटली तर तोही काढू.

फोन उघडायचा आहे, म्हणून येण्याआधी बॅकअप घ्या. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. हा बॅकअप आता गूगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो. फोटोंनी ती जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो आणि तारीख कित्येक महिने जुनीच राहते. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून आणा, तो आमच्याकडे निघत नाही. जुनं बिल सापडलं तर बरं, नाही सापडलं तरी आमच्या वहीत नोंद आहे.