फोर बाय फोर घेतलीत? मग काळजी कसली!

अभिनंदन! आता ती चालवायची कशी, हे पुस्तिकेत शोधत बसू नका. पुस्तिका कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतच शोभते.

किल्ली फिरवली की आधी फोर-एच टाका, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. रस्ता डांबरी असो, कोरडा ठणठणीत असो. पैसे चार चाकांचे मोजलेत, तर दोनच का पळवायची? वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ट्रान्सफर केसनं (ही ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढच्या-मागच्या चाकांचे ॲक्सल एकमेकांना जखडले की तो फरक चिखलात चाक घसरून निघून जातो, डांबरावर निघत नाही, असं मेकॅनिक सांगेल. सांगू दे. पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळते, टायर कुईकुई करतात, तो ताकदीचा आवाज समजा. (मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, असलेल्या गाड्यांना हे चालतं. तुमच्या गाडीत तो आहे का, हे मुळीच बघू नका.) पुढे ट्रान्सफर केसनं मान टाकली की कंपनीला शिव्या घालायला मोकळे.

फोर-एल, म्हणजे चारही चाकांचा गोगलगायीच्या वेगाचा गिअर, उड्डाणपुलाच्या चढावर लावा. मागची रांग कौतुकानं हॉर्न वाजवते.

टायर बदलायचे तर दोनच बदला, उरलेले दोन गुळगुळीत राहू द्यात.

आणि पावसात? पुढच्याच्या बंपरला नाक लावून चाला. अंतर वगैरे आमच्यासारख्या किरकोळ गाडीवाल्यांनी ठेवावं. परवा मी सिग्नलला थांबलो होतो. आरशात एक काळं धूड मोठं मोठं होत गेलं आणि धाड! डिकीचं झाकण आत. उतरलेले गृहस्थ माझ्याकडे नाही, स्वतःच्या टायरकडे बघत म्हणतात, "फोर बाय फोरमध्ये होती हो, मग घसरली कशी?"

कशी म्हणजे? अहो, चार चाकांना जाते ती इंजिनाची ताकद, गाडी पुढे ढकलायला! थांबवायला नव्हे! ब्रेक माझ्या डबड्यालाही चारही चाकांवरच आहेत. ओल्या रस्त्याला धरून ठेवतो तो टायर, तोही तळहाताएवढ्या जागेवर. उलट तुमचं चाक निघताना जागेवर फिरत नाही, म्हणून रस्ता निसरडा आहे हे तुम्हाला कळतच नाही. कळतं ते ब्रेक दाबल्यावर, आणि तेव्हा पुढे मी असतो! वेग ४० चा ८० केलात की ब्रेक लागल्यावर थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. शाळेत शिकवलं होतं. धूड जितकं जड, तितका माझ्या डिकीला दणका मोठा, एवढाच काय तो फरक.

बास झाली थट्टा. कोरड्या डांबरावर टू-एच, म्हणजे दोनच चाकांना ताकद. चिखल, वाळू, बर्फ, सुटी खडी आली तर फोर-एच. बाहेर आलात की काढा. फोर-एचचा लिव्हर अडकला, निघेना, तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटतो. हिसके देऊ नका. आणि पावसात माझ्यापासून लांब राहा. डिकी अजून दोरीनं बांधलेली आहे.