सांकेतिक ताब्यातला फ्लॅट सामान्य माणसाला विकूच नका

बँकेच्या लिलावातला फ्लॅट घ्यायचा विचार करत असाल तर आधी जाहिरातीत बघा की ताबा कुठला लिहिलाय, सांकेतिक की प्रत्यक्ष. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, बस. आत कर्ज थकलेलं मूळ कुटुंब अजून राहतंय.

माझ्या मावसभावाने कल्याणला असाच फ्लॅट घेतला. २५ टक्के लगेच भरले, बाकीच्या ७५ टक्क्यांना १५ दिवसांची मुदत, त्यात वहिनीचे दागिने गेले, लोन झालं, सेल सर्टिफिकेट हातात आलं आणि मग बँकेतून उत्तर काय तर "ताब्याचं तुम्ही बघा, जसं आहे तसं विकलंय". आता घरभाडंही चालू आणि हप्ताही चालू.

हे "तुम्ही बघा" मला अजिबात मान्य नाही. थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या सरफेसी कायद्यात कलम १४ आहे ना, बँकेने कलेक्टरकडे अर्ज करायचा, मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे, मग अधिकारी किंवा कोर्ट कमिशनर पोलीस बंदोबस्तात जाऊन पंचनामा करून ताबा घेतो. ऑर्डर ३० दिवसांत द्यायची, कारण लिहून फार तर ६०. आणि विक्री झाल्यावरही बँक हा अर्ज करू शकते, गोव्यातल्या एका हॉटेलच्या केसमध्ये २०१८ साली सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलंय. मग हात कसे झटकता?

त्यात आत भाडेकरू निघाला तर वेगळंच. कर्जाच्या आधीपासूनचा खरा, नोंदणीकृत करार असेल तर त्याला असं सहज काढता येत नाही. मूळ मालक डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला, स्टे मिळाला की पुन्हा थांबा. सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, लाईटबिल हे तर असतंच.

लोक सल्ले काय देतात, चार पोरं घेऊन जा, लाईट तोडा, पाणी बंद करा. असलं काही करू नका! गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल, आणि आतल्यांची पण शाळेत जाणारी मुलं आहेत हो, म्हातारी माणसं आहेत. धंदा बुडाला किंवा आजारपण आलं म्हणून हप्ते थकले तर त्यांना सामान हलवायला वेळ मिळालाच पाहिजे, कर्ज वळतं करून वर उरलेले पैसे मिळाले पाहिजेत, तो त्यांचा हक्क आहे. दोन कुटुंबांना एकमेकांच्या दारात उभं करून बँक मोकळी होते याचाच मला राग येतो.

माझं म्हणणं सरळ आहे, राहतं घर असेल तर आधी प्रत्यक्ष ताबा घ्या आणि मगच लिलाव करा. वेळ लागला तरी चालेल, रिकाम्या घराला बोलीही चांगली लागते.

ज्यांचे पैसे असे अडकलेत त्यांनी बँकेकडे कलम १४ च्या अर्जाची लेखी मागणी करा, पोच घ्या, फोनवरच्या आश्वासनावर राहू नका.